वर्षाचे शेवटचे पान

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला, 'डिसेंबर महिन्यातील सण आणि स्मरणदिन'. विषय तसा सोपा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे शेवटचे पान उघडावे आणि वाचून दाखवावे, झाले भाषण! पण आपण बायका त्या पानाचा उपयोग काय करतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. दूधवाल्याचे खाडे, गॅसची टाकी लागल्याची तारीख, कामवाल्या बाईंना दिलेली उचल. त्या आकड्यांखाली बारीक अक्षरात जे छापलेले असते, ते वाचायला सवड कुणाला? आज ते बारीक अक्षर आपण जरा चष्मा लावून वाचू, आणि वाचून झाल्यावर मला मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवायची आहे. ती शेवटी सांगेन.

प्रथम या महिन्याच्या नावाचीच गंमत पाहा. डिसेंबर हे नाव लॅटिन भाषेतल्या 'दहा' या शब्दावरून आले. रोमन लोकांचे वर्ष फार पूर्वी मार्चपासून मोजले जाई, तेव्हा हा दहावा महिना होता. पुढे वर्षारंभ जानेवारीकडे गेला, महिना बारावा झाला, नाव मात्र दहाव्याचेच राहिले. याच सुमारास बहुतेक वर्षी आपला मार्गशीर्ष येतो. त्याचे दुसरे नाव अग्रहायण. अग्र म्हणजे आरंभीचे आणि हायन म्हणजे वर्ष. म्हणजे एके काळी वर्षाची मोजणी या महिन्यापासून होत असावी, असे जाणकार सांगतात. भगवद्गीतेत श्रीकृष्णाने सर्व महिन्यांत मी मार्गशीर्ष आहे असे सांगून त्याला मोठा मान दिला. आज चैत्रापासून मोजले तर तो नववा. एक दहाव्याचा बारावा झाला, दुसरा पहिल्याचा नववा झाला. त्यामुळे थंडी कमी पडली नाही की सूर्य उगवायचा राहिला नाही. मोजणी माणसांनी केली आणि माणसांनीच सोयीने बदलली. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे कामी येईल.

आता पान वाचू. त्यावर दोन तऱ्हेचे दिवस आहेत. एक तिथीचे आणि दुसरे तारखेचे.

तिथीचे दिवस आपल्या हातांना पाठ आहेत. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी ही चंपाषष्ठी. खंडोबाचे सहा दिवसांचे नवरात्र त्या दिवशी उठते, वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य होतो, आणि ज्या घरांत चातुर्मासात वांगे वर्ज्य, तिथे ते पुन्हा पानात येते. शुद्ध एकादशीला गीताजयंती. पौर्णिमेला दत्तजयंती, त्या संध्याकाळी सुंठवडा कुटल्याचा वास गल्लीभर पसरतो. आणि महिनाभर दर गुरुवारी महालक्ष्मीचे व्रत. कलश मांडायचा, पत्री आणायची, पोथी वाचायची, शेवटच्या गुरुवारी उद्यापन आणि हळदीकुंकू.

त्याच पानावर २५ तारखेला नाताळ. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला आणि असा रुळला की आता तो परका वाटत नाही. वसईकडे आणि गोव्यात ज्यांचे नातेसंबंध आहेत त्यांना माहीत आहे, नाताळात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांचे ताट शेजारच्या हिंदू घरी जाते आणि दिवाळीत त्या घरून फराळाचे ताट इकडे येते. ताट रिकामे परत करायचे नाही, हा नियम दोन्ही धर्मांत सारखाच कडक!

आता तारखेचे दिवस. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई चौधरी गेल्या. अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीने जात्यावर आणि शेतात रचलेली गाणी त्यांच्या पश्चात पुस्तकात आली. ६ डिसेंबर १९५६ हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबा गेले. एकाच महिन्यात महाराष्ट्र दोनदा पोरका झाला. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाची मोटार अडवताना बाबू गेनू हा गिरणीकामगार तिच्याखाली चिरडला गेला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगिजांच्या साडेचारशे वर्षांच्या सत्तेतून मुक्त झाला. २४ डिसेंबर १८९९ हा साने गुरुजींचा जन्मदिवस. आणि १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, त्याविषयी थोडे पुढे बोलणार आहे.

भगिनींनो, या दोन तऱ्हांत एक फरक माझ्या मनाला नेहमी लागतो. तिथीचा दिवस आपल्याकडे काही तरी मागतो. वांगे भाजायला लावतो, उपास करायला लावतो, दाराशी रांगोळी घालायला लावतो. म्हणून तो विसरला जात नाही. तारखेचा दिवस मात्र आपल्याकडे काही मागत नाही, असे आपण धरून चालतो. तसबिरीला हार, दोन शब्द, चहा, आणि संपले. ज्या दिवसाला हातांनी करण्याचे काही नाही तो दिवस दोन पिढ्यांत नुसती सुट्टी होतो किंवा सुट्टीही उरत नाही.

पण असे व्हायलाच पाहिजे असे नाही. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जी लाखो माणसे येतात, ती येताना उपासतापास सोसून येतात आणि जाताना पुष्कळजण पुस्तके विकत घेऊन जातात. तिथे पुस्तकांची दुकाने केवढी लागतात ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा जाऊन पाहावे. आपल्या लेकरांसाठी बाबासाहेबांचे पुस्तक घरी नेणे, हे त्या दिवसाचे व्रतच झाले आहे. गाडगेबाबांचेही तसेच. दिवसा खराट्याने गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची, हा ज्यांचा नेम, त्यांचा दिवस हाराने कसा साजरा होणार? आपल्या चाळीचा जिना सर्वांनी मिळून झाडला तरच तो झाला म्हणायचे.

आता मी ज्या गोष्टीकडे येते आहे ती या पानावर छापलेली नसते, पण सबंध पानाखाली वाहते आहे. इंग्रजी अमदानीत नाताळात कोर्टकचेऱ्या बंद असत. वकील, शिक्षक, कारकून मंडळींना लांबचा प्रवास करायला तेवढीच सवड. म्हणून देशाची मोठी कामे या आठवड्यात ठरू लागली. २८ डिसेंबर १८८५ रोजी राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईला गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. ते खरे तर पुण्यास व्हायचे, पण तिथे पटकीची साथ आली म्हणून मुंबईला आले. पुढे न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सामाजिक परिषदही याच दिवसांत भरू लागली. साहेब नाताळचा केक कापत होता त्या आठवड्यात आपली माणसे रजा न उपभोगता मांडवात बसून ठराव करीत होती.

आणि त्या मांडवात बायका कधी आल्या? १८८९ च्या डिसेंबरात, मुंबईच्या अधिवेशनाला. मोजक्याच होत्या, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. त्याच वर्षी मार्च महिन्यात त्यांनी मुंबईला शारदासदन उघडले होते. सामाजिक परिषदेत हजारो पुरुषांपुढे उभ्या राहून त्या बोलल्या, आणि बोलल्या त्या विधवांच्या केशवपनाविरुद्धच्या ठरावावर. रमाबाई स्वतः विधवा होत्या. ज्या बाईने घराच्या कोपऱ्यात बसावे अशी लोकांची अपेक्षा, ती मांडवाच्या मध्यभागी उभी होती.

त्या शारदासदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे १८९३ साली अण्णासाहेब कर्वे यांनी तिच्याशी विवाह केला. त्याच आनंदीबाई तथा बाया कर्वे. त्या विवाहाबद्दल अण्णासाहेबांनी काय सोसले, आणि हिंगण्याचे काम त्यातून कसे उभे राहिले, हे आपल्या मंडळातल्या बहुतेकींना ठाऊक आहे. पण १९१५ साली डिसेंबरच्या अखेरीस मुंबईला सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, ते विद्यापीठ सुरू झाले, हे डिसेंबरचे देणे आहे हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

मध्यंतरी आणखी एक डिसेंबर आला, १९०४ चा. मुंबईला भारत महिला परिषद भरली. बायकांची परिषद, बायकांनी चालवलेली. अध्यक्षस्थानी होत्या रमाबाई रानडे. न्यायमूर्तींना जाऊन तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. मला आपणाला विचारायचे आहे, त्या दिवशी त्या सभेत अध्यक्षीण म्हणून कुणाला हळदीकुंकू लावावे असा प्रश्न काढून, रमाबाईंना कुणी मागे बसवले असते तर? परिषदच झाली नसती.

मग १९२७. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी महाडला दुसरी परिषद भरली, तीही नाताळातच. मांडवासाठी जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. २५ डिसेंबरच्या संध्याकाळी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे मनुस्मृती जाळण्यात आली. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारा आणि बाईला कोणत्याही वयात स्वातंत्र्य नाही असे सांगणारा तो ग्रंथ. म्हणून महाराष्ट्रात अनेक स्त्रिया २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. पण त्या परिषदेतली दुसरी एक गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. तिथे आलेल्या बायकांशी बाबासाहेब वेगळे बोलले. जिच्यावरून तुमची जात लांबूनच ओळखू येते अशी नेसण्याची तऱ्हा सोडा, तसले दागिने टाका, आणि मुलींना शिकवा, असा त्या बोलण्याचा आशय होता. बाईच्या अंगावरची खूण पाहून तिला पायरीवर उभे करायचे, ही जी रीत, तिच्यावरच त्यांनी बोट ठेवले.

भगिनींनो, मोकळे कपाळ हीसुद्धा तशीच एक खूण नव्हे काय?

आता तो १० डिसेंबर. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमाच्या मसुद्यात सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत अशा अर्थाचे वाक्य होते. पण तिथला इंग्रजी शब्द असा होता की त्याचा अर्थ 'माणसे' असाही होतो आणि 'पुरुष' असाही. पुष्कळांना त्यात वावगे दिसले नाही. भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसाबेन मेहता. कर्व्यांच्या त्याच महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरू झाल्या होत्या. त्यांनी आग्रह धरला की हा शब्द चालणार नाही, ज्यात बाई निःसंशय येते असा शब्द घाला. आणि तो बदलला गेला. सगळ्या जगाच्या कागदावरचा एक शब्द आपल्याकडच्या एका बाईने बदलवून घेतला. शब्द एकच होता, पण त्याने दार उघडले.

आता माझी सूचना. तीही एका शब्दाचीच आहे.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी आपल्या मंडळात उद्यापनाचे हळदीकुंकू होते. त्याची सूचना जिन्याजवळच्या फळ्यावर लागते, 'सर्व सवाष्णींनी अगत्य येण्याचे करावे.' त्या दिवशी सकाळपासून काय चालते ते आपण सगळ्या पाहतो. सतरंज्या अंथरणे, फळे निवडणे, साखरभाताच्या पातेल्यापाशी उभे राहणे, ही कामे ज्या करतात त्यांत तीनचारजणी अशा आहेत की चार वाजले, हळदीकुंकवाची तबके निघाली, की पदराला हात पुसत हळूच घरी जातात. त्यांना कुणी जा म्हणत नाही. फळ्यावरचा तो शब्द म्हणतो. त्यांच्या हातचा प्रसाद देवीला चालतो, आपल्याला चालतो, आणि त्या स्वतः मात्र चालत नाहीत, याला काय म्हणावे?

कुणी म्हणेल, शास्त्र आहे. ठीक आहे, आपण पोथीच उघडू. दर गुरुवारी वाचतोच. त्या कथेत भद्रश्रवा राजा आहे, सुरतचंद्रिका राणी आहे. महालक्ष्मी तिच्या वाड्यावर येते ती शालू नेसून, नथ घालून येते काय? ती येते म्हाताऱ्या बाईच्या रूपात. फाटके वस्त्र, हातात काठी. राणीला ऐश्वर्याचा गर्व, ती त्या म्हातारीला दारातून घालवून देते, आणि राज्य जाते, वैभव जाते. मुलगी शामबाला नम्रपणाने त्या म्हातारीला शरण जाते, तिचे कल्याण होते. ही कथा आपण किती वर्षे वाचतो आहोत! लक्ष्मी कोणत्या रूपात दाराशी येईल हे सांगता येत नाही, हेच तर पोथी सांगते. मग पोथी मिटल्यावर कपाळ पाहून दार उघडायचे, ही सुरतचंद्रिकेची रीत झाली, शामबालेची नव्हे.

कुणी म्हणेल, त्यांनाच संकोच वाटतो, बोलावले तरी येत नाहीत. हे खरे आहे. इतक्या वर्षांचा संकोच एका निमंत्रणाने जाणार नाही. पण येणे न येणे हे तिने ठरवावे, फळ्याने नव्हे. आणि पहिल्या वर्षी एकजण आली, तर दुसऱ्या वर्षी तिचा हात धरून दुसरी येईल. एखादीला कुंकू नको वाटले तर तिला हळद लावू, अत्तर लावू, फूल देऊ. मान देण्याला वस्तूंची काय कमतरता आहे!

आणि कुणी म्हणेल, लोक काय म्हणतील? त्याचे उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने देऊन ठेवले आहे. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही हे अनुसरावे असे सांगितले. ठराव केल्याने सगळी मने लगेच बदलतात असे मी म्हणत नाही. पण जिला ही प्रथा नको आहे तिच्या पाठीशी गाव उभे आहे, एवढे तर कागदावर आले. एक खेडेगाव जे करू शकले, ते शिकल्यासवरल्या बायकांच्या मंडळाला जड का जावे?

मघाशी मी म्हटले होते, मोजणी माणसांनी केली आणि माणसांनीच बदलली. दहावा महिना बारावा होऊ शकतो, तर फळ्यावरचा एक शब्द का बदलू नये? माझी सूचना एवढीच की यंदाच्या मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी फळ्यावर 'सर्व सवाष्णींनी' हे न लिहिता 'सर्व भगिनींनी' असे लिहावे. आणि पहिले तबक, जिने सकाळपासून पातेल्यापाशी उभे राहून सर्वांचे केले, तिच्यापुढे जावे.

व्रत तेच राहील, कलश तोच, पोथी तीच, साखरभातही तोच. आरास कमी करायला नको, खर्च वाढवायला नको. आणि त्या डिसेंबरच्या पानावरचे जे तारखेचे दिवस आपल्याकडून नुसता हार घेऊन मुकाट परत जातात, महाडचा, मानवी हक्कांचा, पंडिता रमाबाईंच्या त्या भाषणाचा, त्या सर्वांना आपल्या हातून काही तरी कृती मिळेल. तिथी आणि तारीख यांची गाठ पडेल.

सूचना मी लेखी करून चिटणीसबाईंकडे दिली आहे. ज्यांना ती पटत नसेल त्यांनी ती मनात न ठेवता इथेच बोलून दाखवावी, अशी माझी विनंती आहे. मतभेद मांडवात झाले तर त्यातून ठराव निघतात, जिन्यात झाले तर नुसती कुजबुज होते.